बारा स्वर आणि नानांचा तंबोरा

माझा मोठा भाऊ बडोदे संस्थानच्या खर्चाने व्हिएन्नाला जाऊन युरोपी संगीत शिकून आला, आणि परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात, जेवता जेवता, त्याने आम्हाला सांगितलं की आता 'सा' उरलेला नाही. मी भात वाढत होते. पलीकडच्या गल्लीतलं किराणा दुकान बंद झालं, अशा थाटात तो हे बोलला. आई म्हणाली, "बरं, असू दे. आमटी घे."

मी आईसारखी नव्हते. मुलींच्या शाळेत मी गाणं आणि अंकगणित शिकवत होते; 'सा' नसेल तर माझा निम्मा दिवस रिकामा झाला असता. "उरलेला नाही म्हणजे काय?" मी विचारलं, आणि तिथेच चुकलं. दादाला प्रश्न विचारायचा नसतो. विचारला की तो समजावून सांगतो.

त्याने ताट पुढे ओढलं. "हे बघ, तिकडच्या संगीतालाही एक घर असतं. आपला सा, तसा त्यांचा एक स्वर. तीनशे वर्षं त्यांचं संगीत त्या स्वरापासून निघत आलं, इकडेतिकडे फिरत आलं आणि शेवटी त्याच्यावरच येऊन टेकत आलं. आपलं जेवण कसं, वरणभातापासून सुरू होतं आणि ताकभातावर संपतं. मधे काय वाट्टेल ते येवो. ताकभात आला की माणसाला कळतं, झालं." इथवर मलाही पटलं. पण म्हणे गेल्या पन्नास-साठ वर्षांत तिकडचे लोक हा ताकभात लांबवत गेले. आणखी एक भाजी, आणखी एक पक्वान्न, मधेच उठून दुसऱ्याच्या घरचं पान. होता होता जेवणारा इतका भरकटला की ताकभात समोर आला तरी त्याला तो ओळखू येईना. "तेव्हा माझ्या गुरुजींनी स्पष्ट सांगितलं," दादा म्हणाला, "की ताकभाताचं सोंग आता पुरे. स्वर बारा आहेत, बाराही सारखे. बाराच्या बारा वाजून झाल्याशिवाय एकही पुन्हा वाजवायचा नाही. म्हणजे कोणाचंच घर होत नाही."

"ताकभाताशिवाय पानावरून उठायचं?" आईने विचारलं. युरोपात काय उलथापालथ झाली याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं, पण हे ऐकून तिला मनापासून वाईट वाटलं.

बाराही सारखे! आणि हे कुठे, तर बडोद्यात. दरबारात कोण कुठल्या रांगेत बसणार, अत्तर आधी कोणाच्या हाताला लागणार, यावरून जिथे सख्ख्या भावांचे अबोले होत, त्या गावात हा माणूस बारा स्वरांना एका पंगतीला बसवायला निघाला होता. मी कपाळाला हात लावला.

बडोद्याच्या वाडी भागातल्या आमच्या घरात पियानो होता, हेच मुळात एक त्रांगडं होतं. कॅम्पातल्या कुठल्याशा गोऱ्या साहेबाची बदली झाली तेव्हा नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तो लिलावात घेतला. नाना हुजूर कचेरीत होते. स्वतः ते रोज पहाटे तंबोरा घेऊन गायला बसत, पण दादाची लांब बोटं बघून त्यांच्या मनात आलं, या मुलाने हेही शिकावं. पियानो सांभाळला मात्र आम्ही आमच्या रीतीने. दुधाच्या फडताळाला मुंग्या लागू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, तशा आईने पियानोच्या पायांखाली ठेवल्या होत्या. आत कापराच्या पुरचुंड्या. परत आल्या दिवशी दादाने त्या वाट्या बघितल्या आणि तो हसला. त्यानंतर पुष्कळ दिवस तो हसलेला मला आठवत नाही.

तो सकाळी पियानोपाशी बसे, संध्याकाळी बसे. एक स्वर खाली खर्जात, पुढचा कुठच्या कुठे वर, मग दोन एकमेकांना ढकलत आल्यासारखे, आणि मग बराच वेळ काहीच नाही. मी चुलीपाशी उलथनं हातात धरून वाट बघे, आता येईल, आता येईल, आणि तो स्वर नेमका नको तिथे येई. तिसऱ्या दिवशी समोरच्या गुजराती काकी ओट्यावर आल्या आणि कळवळून म्हणाल्या, "बेन, पियानो बगडी गयो छे? मारो भाणेज रिपेर करी आपशे." बिघडलेला पियानो त्यांचा भाचा दुरुस्त करून देणार होता.

"ना काकी, पियानो तो सारो छे," मी म्हटलं.

"तो पछी?" काकींनी विचारलं. 'मग हे काय?' असं त्या विचारत होत्या; मी दूध उतू जातंय म्हणून आत पळाले. घरात कोणी आजारी असल्यासारखा त्या गरम हांडव्याचा डबा ठेवून गेल्या.

बरं, त्याला दुसरं काही येत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. मला खरा संताप येई तो याचाच. जुन्या जर्मन उस्तादांची एखादी चीज तो कधीमधी वाजवी, तेव्हा तव्यावरची पोळी करपली तरी मला कळत नसे. ती कितीही दूर हिंडो, शेवटी घरी येई आणि माझ्या डोळ्यांत पाणी येई. "हेच वाजव ना रे," मी म्हणे. त्यावर तो म्हणे, "हे झालं. ज्यांनी हे केलं त्यांना घर होतं." असली वाक्यं तो आंघोळीला जाता जाता टाकायचा आणि दार लावून घ्यायचा. भांडायचं कोणाशी, दाराशी?

आणि कहर म्हणजे ते वेडंविद्रं माझ्याच डोक्यात जाऊन बसलं. एके दिवशी शाळेत पेटीवर सूर धरून मी प्रार्थना सुरू केली आणि दुसऱ्या ओळीला भलत्याच स्वरावर जाऊन थांबले. मुली खुदकन हसल्या. घरी येऊन मी दादावर मनसोक्त तोंडसुख घेतलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठल्या स्वरावर थांबलीस?" अशा माणसापुढे काय बोलावं?

शिष्यवृत्तीची अट अशी होती की परत आलं की संस्थानची नोकरी करायची. जागाही होती. कमाटीबागेत संध्याकाळी वाजणारा संस्थानचा बँड आणि व्हायोलिन शिकणारी मुलं, दोन्ही त्याच्याकडे यायची होती. पण त्याआधी संगीताच्या खात्याचे साहेब एकदा त्याला ऐकणार होते, आणि सोबत खाँसाहेब. खाँसाहेब दरबारचे गवई. नाना त्यांच्याकडे शिकले, मीही शिकले, आणि घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. पियानो हलवणं शक्य नव्हतं, म्हणून बैठक आमच्याच दिवाणखान्यात ठरली. नाना गेल्यापासून घर माझ्या एकटीच्या नोकरीवर चाललं होतं. दादाला ही जागा मिळायलाच हवी होती, आणि ते त्यालाही कळत होतं.

"जुनं वाजव," मी बजावलं.

"वाजवीन. आणि शेवटी माझी एक वाजवीन."

"ती कशाला मधे?"

"लहान आहे ग. ती कोणीतरी एकदा, जशी आहे तशी ऐकावी. आवडली नाही तरी चालेल. एकाने ऐकली तरी पुष्कळ. मग मी बँड वाजवीन. वरातीपुढे वाजव म्हणालीस तरी वाजवीन."

इतकं सरळ तो त्याआधी कधी बोलला नव्हता. मी गप्प बसायला हवं होतं, पण गप्प बसणं आमच्या घराण्यात नाही. म्हटलं, "मग शेवटी तिला घरी आण. एकच स्वर तर टेकवायचा. कोणाला कळणारसुद्धा नाही."

तो खिडकीपाशी गेला. मग म्हणाला, "नाना गेल्याची तार आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती लिहायला घेतली. बोट मिळून इथे येईपर्यंत सगळं होऊन गेलं असतं. मी तिला आणू कुठल्या घरी?"

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. नानांचं पथ्यपाणी मी केलं, उशाशी मी बसले, शेवटचं पाणी त्यांच्या तोंडात मी घातलं, आणि दुःखाची चीज मात्र याची! माझ्या वाट्याला काय, तर पोळ्या. मी हे सगळं त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "खरं आहे." आणि त्याने ते इतकं खरं मानून म्हटलं की माझं भांडणच संपलं, त्याचाही मला राग आला.

बैठकीच्या दिवशी आईने गालिचा घातला, लोड झटकले, पानाचं तबक मांडलं. दिवस कलताना दोघे आले. साहेब मराठीच, नानांच्या ओळखीचे, सभ्य आणि घाईत. खाँसाहेब नेहमीसारखे प्रसन्न. दादाने वाकून दोघांना नमस्कार केला आणि एक जुनी जर्मन चीज सुरू केली.

साहेब बोटांनी लोडावर ठेका धरू लागले. खाँसाहेबांनी डोळे मिटले. पण ती चीज आपला मुक्काम सोडून दुसरीकडे वळली की ते डोळे उघडत आणि कोणी चुकलं-माकलं असावं तसे इकडेतिकडे बघत. शेवटी ती घरी परतली तेव्हा "हां!" म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला. मग मायेने माझ्याकडे वळून म्हणाले, "हाथ बहुत अच्छा है बच्चे का. पर सुर भटकता है. भटकेगा नहीं तो क्या होगा? पीछे तानपूरा ही नहीं! बेटी, निकालो."

आता हे ज्याला आमच्या घरची रीत माहीत नाही त्याला विचित्र वाटेल. पण आमच्या दिवाणखान्यात तंबोऱ्याशिवाय कोणी कधी गायला बसलं नव्हतं. तंबोरा न लावता कलावंताला बसवणं म्हणजे पाहुण्याला पाटाशिवाय जेवायला बसवण्यासारखं. खाँसाहेबांना वाटलं, परदेशातून आलेला पोरगा संकोचाने बोलला नसेल.

आता त्याच्या स्वतःच्या चिजेची पाळी होती. दादा उठून उभा राहिला. "खाँसाहेब, इसमें सा नहीं है."

खाँसाहेब हसले. नम्रतेचे नाना प्रकार त्यांनी जन्मभर ऐकले होते. "सब में होता है, बेटा. पहला सुर कौन-सा है, बताओ." दादाने सवयीने त्या पट्टीवर बोट ठेवलं. तेवढं त्यांना पुरलं. "काली एक! लो, ये तो तुम्हारे वालिद की पट्टी है."

कोपऱ्यात खुंटीला, हिरव्या गवसणीत, नानांचा तंबोरा होता. ते गेल्यापासून कोणी काढला नव्हता. मी शिकवण्यापुरतं पेटीवर भागवत असे. दादाने माझ्याकडे बघून मान हलवली, नको. मी दाराशी उभ्या असलेल्या आईकडे बघितलं. तिची नजर गवसणीवर होती. "काढ ग," ती हळूच म्हणाली, "किती दिवसांनी वाजेल." साहेबांनी घड्याळ बघितलं. एका बाजूला नोकरी, एका बाजूला आई, वर गुरूची आज्ञा. मी तंबोरा काढला, पुसला, लावला आणि छेडत बसले. दादा पुन्हा पियानोपाशी बसला आणि पाठ ताठ करून आपली चीज वाजवू लागला.

महिनोन्महिने भिंतीआडून ऐकलेली ती चीज मला सापडेना. एरवी त्यातला एकेक स्वर कुठूनसा येई, एकटा उभा राही आणि निघून जाई. आता लग्नघरात म्हाताऱ्या बायका अनोळखी माणसाला गाठून "तू अमक्याचा ना रे?" म्हणत नातं जोडून देतात, तसं तंबोऱ्याने प्रत्येकाला पकडून नातं जोडून दिलं. हा कोमल रिषभ, तो तीव्र मध्यम, हा आपला धैवत. मी बोटं हलकी केली. खाँसाहेबांनी हाताने खूण केली, जोरात. दोनदा ते "वाह" म्हणाले. आईने पदर डोळ्यांना लावला होता. तिला पियानो ऐकूच येत नव्हता, ती नानांना ऐकत होती. दादाचा शेवटचा स्वर हवेत राहिला आणि खाली तंबोरा सा, सा म्हणतच राहिला.

"मारवा!" खाँसाहेब गुडघ्यावर थाप मारून म्हणाले. "अरे, मारवा छेड रहे थे तो बताया क्यों नहीं? मारवे में सा को छूते कहाँ हैं! षड्ज से इतना भागोगे तो पीछे तानपूरा तो चाहिए ही, बेटा." साहेबांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे आपल्याच पद्धतीचं निघालं की. फार छान. सोमवारपासून या." दादाने पुन्हा दोघांना वाकून नमस्कार केला आणि पानाचं तबक फिरवलं.

मला इतका राग आला होता, आणि तो कोणाचा ते ठरेना. खाँसाहेबांचा यावा, तर त्यांनी केलं ते मायेने. आईचा यावा, तर तिला किती काळाने नानांचा तंबोरा ऐकायला मिळाला. साहेबांनी तर नोकरीच दिली. सगळे आपापल्या जागी बरोबर होते, आणि सगळ्यांनी मिळून त्या लहानशा चिजेचं वाटोळं केलं होतं. दादा इतकंच म्हणाला, "तुझे हात दुखले असतील." रात्री तो जेवला नाही.

तो कामावर जाऊ लागला. कमाटीबागेत बँडपुढे उभा राहून लष्करी कूच वाजवून घेई, लोक खूश होते. घरी येऊन जेवे, वाचे, झोपे. काही समजावून सांगत नसे. मी मुद्दाम चार प्रश्न टाकून बघितले, तर "असेल" म्हणे. पियानोचं झाकण बंदच राहिलं. आईने त्यावर गोधडी घातली, मग गोधडीवर लोणच्याच्या बरण्या आल्या. खालच्या वाट्यांतलं पाणी आटून गेलं. समोरच्या काकींनी विचारलं, "रिपेर थई गयो?" मी म्हटलं, "हो काकी, थई गयो." ज्या स्वस्थतेसाठी मी देव पाण्यात ठेवले होते ती मिळाली, आणि ती मला सोसेना. घरात चमचा पडला तरी दचकायला होई.

एका रविवारी आई देवळात गेली होती. लाकडं ओली निघाली होती, चूल नुसती धुमसत होती आणि मी तिला शिव्या देत पोळ्या लाटत होते. मान वर केली तर दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा.

"काय हवंय?" मी खेकसले.

"आत्ता काय म्हणत होतीस?"

"चुलीला म्हणत होते. पेटत नाही मेली."

"ते नव्हे. गुणगुणत होतीस."

मला खरंच पत्ता नव्हता. "पुन्हा म्हण," तो म्हणाला. मी म्हटलं, मला तुझं असलं काही येत नाही. पण तो हलेना, म्हणून त्याला घालवण्यासाठी मी म्हणू लागले. तो खर्जातला, मग एकदम वरचा, मग ते ढकलत येणारे दोन. आणि मग ती जागा, जिथे मी उलथनं धरून वाट बघत असे. तिथे मी आपोआप थांबले. दादाही श्वास धरून थांबला. मग नेमका नको तिथे मी पुढचा स्वर घेतला, आणि तसंच शेवटपर्यंत गेले. पाठ केलं नव्हतं, नुसतं वैतागून वैतागून आत जाऊन बसलं होतं.

"चौथा जरा खाली जातोय," दादा म्हणाला.

"मग तूच वाजव ना!" मी लाटणं आपटलं. "स्वयंपाक मी करू, शाळा मी करू, आता तुझ्या चिजाही मीच म्हणू?" आणि तशीच पिठाच्या हातांनी बाहेर जाऊन मी पियानोवरच्या बरण्या खाली उतरवू लागले. दिवाणखानाभर बरण्याच बरण्या झाल्या. तंबोऱ्याकडे दादाने एकदा बघितलं. तो खुंटीला होता, गवसणीत. मी म्हटलं, "राहू दे तिथेच." बसायला दुसरीकडे जागाच उरली नव्हती, म्हणून नाना पहाटे गायला बसत त्या जागी मी बसले.

त्याने वाजवलं. कोणी कोणाशी नातं जोडलं नाही. एकेक स्वर आला, उभा राहिला, गेला. शेवटचा तसाच राहिला आणि विरला. मी वाट बघितली. नाना येणार नव्हते.

मला ती चीज आवडली नाही. खोटं कशाला सांगू, आजही आवडत नाही. दादा मांडीवर हात ठेवून बसला होता, माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या गालांना पीठ लागलं होतं आणि ते भिजत होतं.

"पोळ्या व्हायच्यात अजून," मी म्हटलं. "पुन्हा वाजव."